ध्रुवप्रदेश नेमका कुठून सुरू होतो?

शाळेच्या नकाशावर ती तुटक रेषा तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. साडेसहासष्ट अंश उत्तर. तिच्या वर शीत कटिबंध, खाली समशीतोष्ण. एका मार्काचं उत्तर, विषय संपला. मीही वर्षानुवर्षं तसंच शिकवलं. आज त्या एका मार्काबद्दलच बोलायचं आहे.

ती रेषा मुळात थंडीची नाहीच, ती उन्हाची आहे. पृथ्वीचा आस सुमारे २३.४४ अंशांनी कललेला आहे. ९० मधून तेवढे वजा केले की आर्क्टिक वृत्त मिळतं. त्या वृत्तावर वर्षातून एक दिवस सूर्य मावळत नाही आणि एक दिवस उगवत नाही. ध्रुवावर हाच प्रकार सहा-सहा महिने चालतो. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतल्या आर्क्टिक वसतिस्थानावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात खुद्द ध्रुवावरची लक्षणं वेगळी आणि ध्रुवाभोवतालच्या पट्ट्यातली वेगळी, अशी काटेकोर फोड केली आहे. त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक स्वीकारत नाहीत, पण ती फोड मला अजून आवडते. ध्रुवावर उभे राहिलात तर तारे जात्याच्या पाळीसारखे आडवे फिरतात, एकही उगवत नाही की मावळत नाही. थोडे खाली सरकलात की काही तारे क्षितिजाखाली बुडायला लागतात.

नावही आकाशातूनच आलं आहे. ग्रीकमध्ये आर्क्टोस म्हणजे अस्वल. उत्तरेच्या आकाशातल्या अस्वल नावाच्या तारकासमूहातले ठळक सात तारे म्हणजे आपले सप्तर्षी. सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असं शतपथ ब्राह्मण सांगतं, आणि ऋक्ष म्हणजेही अस्वल! पांढऱ्या अस्वलाचा या नावाशी काही संबंध नाही बरं का.

आता ही रेषा तरी जागेवर आहे का? आइसलँडच्या उत्तरेला ग्रिमसे नावाचं छोटं बेट आहे. आर्क्टिक वृत्त तिथून जातं. २०१७ साली तिथे काँक्रीटचा गोळा बसवला. व्यास ३ मीटर, वजन सुमारे ८ टन. आसाचा कल सध्या हळूहळू कमी होतो आहे, त्यामुळे वृत्त दर वर्षी साधारण साडेचौदा मीटर उत्तरेला सरकतं. गोळाही त्याच्या मागोमाग सरकवायचा, अशी कल्पना आहे. काही दशकांत वृत्त बेट सोडून समुद्रात जाईल.

झाडांना विचारलंत तर ती वेगळंच सांगतात. नॉर्वेचं ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंशांवर, वृत्ताच्या बरंच वर. तिथे बर्चची झाडं आहेत. ग्रीनलँडची राजधानी नूक ६४ अंशांवर, म्हणजे वृत्ताच्या खाली, आणि तिथे टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला थंड प्रदेश. कारण नॉर्वेच्या किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह लागतो, नूकला नाही. म्हणून हवामानशास्त्राने दुसरी रेषा घेतली: सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंश सेल्सिअस असलेल्या ठिकाणांतून जाणारी समताप रेषा. हवामानतज्ज्ञ कोपेनच्या वर्गीकरणात त्याहून थंड तो टुंड्रा, आणि जिथे तो महिनाही शून्याच्या वर जात नाही ते कायम हिमाच्छादित. झाडांची हद्द साधारण याच रेषेच्या आसपास येते.

कायद्याची रेषा त्याहून निराळी. अमेरिकेच्या १९८४च्या कायद्याने अल्यूशियन बेटंही आर्क्टिकमध्ये धरली. ती जवळपास लंडनच्या अक्षांशावर आहेत!

दक्षिणेकडे मला सगळ्यांत पटणारी रेषा पाण्यात आहे. अंटार्क्टिकाभोवतीचं थंड पाणी उत्तरेकडच्या त्यामानाने उबदार पाण्याला भेटतं आणि त्याच्याखाली जातं. याला अंटार्क्टिक अभिसरण म्हणतात. थोड्याच अंतरात पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं, समुद्रातले जीवही बदलतात. दक्षिण जॉर्जिया हे बेट ५४ अंशांवरच आहे, पण अभिसरणाच्या दक्षिणेला, म्हणून तिथे हिमनद्या समुद्रापर्यंत उतरतात. १९५९च्या अंटार्क्टिक करारासाठी मात्र सरळ ६० अंश दक्षिण ही रेषा घेतली. देशांना सही करायला वाकडीतिकडी रेषा परवडत नाही.

आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ला गोव्याहून निघाली, भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून. जहाजाचं नावच ‘पोलर सर्कल’. त्यांनी आधी अभिसरण ओलांडलं, मग कराराची रेषा, मग समुद्रातला बर्फ, आणि पुस्तकातलं अंटार्क्टिक वृत्त सगळ्यांत शेवटी. ९ जानेवारीला ते उतरले तेव्हा सूर्य मावळतच नव्हता.

शेवटी कुणीतरी हिमालयाला तिसरा ध्रुव का म्हणतात हे विचारणारच, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. बर्फाच्या साठ्यामुळे. वास्कोच्या ज्या संस्थेकडे आपली अंटार्क्टिक केंद्रं आहेत, तिनेच २०१६मध्ये स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र उभारलं. हिमनद्या मोजायची पद्धत दोन्हीकडे सारखी. स्पितीत सूर्य तेवढा रोज मावळतो.