यंत्र दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज

नमस्कार श्रोतेहो.

समजा, लासलगावजवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कांद्याची पात आणि मुळं एकाच फेरीत कापणारं यंत्र तयार झालं. बहुतेक जण ते आधी कृषी प्रदर्शनात मांडतात, मोबाइलवर व्हिडिओ टाकतात, ऑर्डर घेतात आणि मग पेटंटची चौकशी करतात. इथेच घात होतो. अर्जाआधी जे जगजाहीर झालं, ते कायद्याच्या लेखी नवं राहत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे अपवाद आहेत, पण अगदी मोजके. त्यांच्या भरवशावर राहू नका.

खर्चाची भीती असेल तर आकडे ऐका. मोठ्या कंपनीला ऑनलाइन अर्जाला 8,000 रुपये पडतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना 1,600. लघुउद्योगाने फॉर्म 28 सोबत उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडायचं. या दरात 30 पानं आणि 10 क्लेम, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारे दावे, बसतात. सवलतीच्या दराने पुढच्या प्रत्येक पानाला 160 आणि प्रत्येक क्लेमला 320 रुपये. एजंटची फी अर्थातच वेगळी.

यंत्राच्या चाचण्या अजून चालू असतील तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. त्यात क्लेम लागत नाहीत, पण शोध नवा आहे का हे ज्या तारखेपासून पाहतात, ती तारीख मात्र मिळते. 12 महिन्यांत पूर्ण तपशील दिला नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणखी एक चूक फार होते : प्रोव्हिजनल दोन परिच्छेदांत उरकतात. पात्यांचा कोन, रोलरमधलं अंतर, कांदा न सोलता पात कशी धरली जाते, यातलं जे लिहिलं नाही त्याला ती पहिली तारीख मिळत नाही. म्हणून आकृत्यांसह, मोजमापांसह लिहा.

अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होते, हा गैरसमज. तपासणीच्या मागणीसाठी फॉर्म 18 आणि सवलतीच्या दराने 4,000 रुपये वेगळे भरावे लागतात. 15 मार्च 2024 पासूनच्या अर्जांना ही मागणी करायची मुदत 31 महिन्यांची आहे, पूर्वी 48 होती. ती चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखाच.

घाई असेल तर जलद तपासणीसाठी फॉर्म 18ए, सवलतीच्या दराने 8,000 रुपये, आणि अर्ज लवकर प्रसिद्ध होण्यासाठी फॉर्म 9, 2,500 रुपये. ही जलद सोय लघुउद्योगाला, स्टार्टअपला आणि महिला अर्जदाराला आहे. एकट्या पुरुषाच्या व्यक्तिगत नावावरच्या अर्जाला ती सहसा मिळत नाही. म्हणून अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे तो मोठ्या कंपनीला विकला, तर फीमधला फरक त्या कंपनीला भरावा लागतो.

परीक्षकाचा पहिला अहवाल आला की उत्तराला 6 महिने मिळतात, आणि फी भरून आणखी 3. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल इथल्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. भरायचे मात्र ऑनलाइन.