भिजलेली डिस्क आणि आपली घाई

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘संगणकातील साठवण साधनांची निगा’. दुसऱ्या गावात मी धुळीपासून सुरुवात केली असती. सांगलीत पाण्यापासूनच करावी लागते. २००५, २०१९, २०२१ चे महापूर बघितलेली माणसं आहोत आपण. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की गावभागात आवराआवर सुरू होते. गाद्या माळ्यावर जातात, टीव्ही जातो, धान्य जातं. टेबलाखालचा सीपीयू मात्र तिथंच राहतो, आणि दुकानाची सगळी उधारी त्याच्यातच असते.

पूर ओसरला की आपण काय करतो? सीपीयूतली हार्ड डिस्क, म्हणजे सगळी माहिती साठवणारी डबी, काढून पुसतो, उन्हात ठेवतो, कुणीतरी तांदळाच्या डब्यात पुरायला सांगतं तेही करतो, आणि ‘चालतेय का बघू’ म्हणून जोडतो. पाण्यातून वाचलेली माहिती पुष्कळदा इथं जाते.

आतली रचना बघा. चकचकीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात, आणि वाचणारं हेड त्यांना न टेकता काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट असते. नेहमीची डिस्क हवाबंद नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आतबाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून झाकणावर बारीक छिद्र असतं, आतून गाळणी असते. शेजारी ‘हे झाकू नका’ अशा अर्थाची इंग्रजी सूचनाही असते. पाणी शिरायला ती वाट पुरते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्या आपल्या घरात कुठल्या!

वाळवलेली डिस्क उघडली की चकतीवर पाणी आटल्याची तपकिरी कड दिसते. कृष्णेचा गाळ तो, पिठासारखा बारीक. वाळून चिकटला की सहजी सुटत नाही. त्यावरून हेड फिरलं की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तुमची माहिती त्या थरातच असते. खरवडलेलं परत आणणारा अजून कुणी भेटलेला नाही.

म्हणून भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही, ती वाळवायचीही नाही. स्वच्छ पाण्यानं ओलसर केलेल्या फडक्यात गुंडाळा, पिशवीत घट्ट बंद करा आणि तशीच रिकव्हरीवाल्याकडे, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्याकडे न्या. उलटं वाटतं, पण गाळ ओला असेपर्यंतच धुऊन काढता येतो. आणि कृपा करून स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरी बसू नका. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, चकत्या नसतात, पण ओल्या सर्किटमध्ये वीज गेली की तीही जळते.

आता मिरजकरांकडे वळतो. तुमच्याकडे मैफलींच्या कॅसेट आहेत, आणि त्या बाजारात मिळणाऱ्या नाहीत. कॅसेट उजेडात धरा, खिडकीतून टेपची गुंडाळी दिसते. तिच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती वाजवू नका. बुरशी प्लेअरला लागेल आणि तिथून पुढच्या कॅसेटला. जुन्या टेपमध्ये चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर दमटपणानं खराब होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही स्टुडिओ टेपना हा रोग फार. जाणकार त्या मंद उष्णतेत तासन् तास शेकवून एकदाच वाजवतात आणि त्याच वेळी उतरवून घेतात. घरच्या ओव्हनचं हे काम नव्हे. कॅसेट उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, कारण त्यात दणकट लोहचुंबक असतो. मागच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या तोडून टाका, म्हणजे नातवाच्या हातून वर दुसरं काही रेकॉर्ड व्हायचं नाही. फ्रिजवरच्या चुंबकाला हार्ड डिस्क दाद देत नाही; कॅसेटनं आणि फ्लॉपीनं मात्र त्याला भ्यावं.

एवढं करूनही डिस्क कधीतरी जाणारच. म्हणून तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, असा जगभरचा रिवाज आहे. आपले लोक ती तिसरी प्रत पलीकडच्या गल्लीत भावाकडे ठेवतात. अहो, पाणी दोन्ही घरांत एकदमच येणार! विट्याला नाहीतर जतला कुणी पाहुणे असतील त्यांच्याकडे ठेवा. पेनड्राइव्हवर नको, वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला की त्यातला विद्युतभार झिरपून जातो. हार्ड डिस्क द्या, आणि यात्रेला जाल तेव्हा ती जोडून दोन-चार फाइली उघडून बघा.