पांडुरंग सांगवीकर मोठा कसा होतो

हा जो लांबच लांब व्हरांडा दिसतोय, दोन्ही बाजूंना खोल्या, दोरीवर टॉवेल, अशाच एका पुण्यातल्या होस्टेलवर खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग येऊन पडतो. घरची शेती चांगली, वडिलांचा दरारा मोठा, खिशात पैसे त्यांचेच. त्याची गोष्ट सांगणारी भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ आली १९६३ साली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि गोष्ट सांगणारा पांडुरंगही पंचवीसचाच.

होस्टेलवर तो काय करतो? मित्रांना चहा पाजतो, मेसच्या भानगडीत पडतो, वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी होतो, गॅदरिंगला नाटक बसवतो, जिथं हात घालील तिथं पैसे घालवतो आणि परीक्षेत आपटतो. बस, एवढंच. कुणी खलनायक नाही, मोठं प्रेमप्रकरण नाही, म्हणून काही लोक म्हणतात की यात काही घडतच नाही. अहो, हेच तर घडतंय!

आता ही पानं बघा, कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’, ‘थोर’ हे शब्द पुन्हापुन्हा येतात. याला लेखकाची लकब म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही. पांडुरंगाला स्वतःबद्दल बोलायचंय पण स्वतःला हिरो करायचं नाहीये, त्यामुळं वाक्य जरा मोठं व्हायला लागलं की तो तिथंच त्यातली हवा काढतो. अर्पणपत्रिकासुद्धा शंभरातल्या नव्व्याण्णवांना आहे, त्या एका यशस्वी माणसाला नाही. पुढं एक अख्खं वर्ष डायरीत येतं, तुटक, कधी नुसतीच नोंद. आणि मित्र सुरेशबरोबर तर तो चक्क आजच्या जगाकडं इतिहाससंशोधकासारखं बघायला लागतो, म्हणजे रोजचं कॉलेज, रोजची माणसं, जणू कुठल्यातरी जुन्या काळातले लोक असे का वागत होते याचा शोध चाललाय. वाचताना हसू येतं, पण चालू काळाला इतक्या लांबून बघणारा पोरगा आतून किती एकटा असेल तेही कळतं.

आणि मग मनी जाते, धाकटी बहीण. मराठीत मरणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण इथं तो पोरगा हिशोब मांडत बसतो की तिच्याबरोबर तिच्या पोटची पुढची सगळी वंशवेलही गेली. सांत्वनाचा एक शब्द नाही. इथं मी बोलत नाही, दृश्य बघा.

ही वाघूर नदी आणि ही अजिंठ्याची लेणी, कोसलात अजिंठाही येतो. अंधारातला बुद्ध आणि समोर उभा हा तरुण, त्याला तिथंही तयार उत्तर मिळत नाही, आणि लेखक ते त्याच्या हातात देतही नाही. माझ्या मते कादंबरीचा सगळ्यात मोठा प्रामाणिकपणा हाच.

शेवटी केळीच्या बागांमधून जाणारा हा सांगवीचा रस्ता. शिक्षण अर्धवट, वडिलांशी बिनसलेलं, गावातली रिकामी पोरं, लग्नाच्या गोष्टी. पुण्यात जमलं नाही आणि गावातही तो पूर्वीसारखा मावत नाही.

पुढं कोसलासारखं लिहिणारे पुष्कळ झाले, इतर भाषांत भाषांतरं झाली, नेमाड्यांना २०१४ सालचं ज्ञानपीठ मिळालं.