दगड झालेलं चिकन अन् डिफ्रॉस्टचं बटण

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? मागच्या मे महिन्यात आमच्याकडं परभणीला न सांगता पाव्हणे आले, ऊन 42 डिग्री, अन् फ्रीजरमधलं किलोभर चिकन नुसता दगड. नणंदबाई म्हणल्या ओट्यावर ठेव की, तासाभरात सुटंल, मी म्हणलं नको वन्सं, या उन्हात वरून खराब व्हायचं अन् आत बर्फच राहायचा. मग काय, मायक्रोवेव्हमधी टाकलं, फुल पॉवर, दहा मिनिटं. काढून बघती तर कडा पांढऱ्याफट्ट, शिजलेल्या, अन् मधी सुरी जाईना!

त्याचं असंय, मायक्रोवेव्ह पाण्याला पटकन तापवतो, बर्फाला लई हळू. कड जराशी सुटली की ते पाणीच सगळी गरमी खाऊन टाकतं, मधला बर्फ तसाच. म्हणून डिफ्रॉस्टचं बटण. त्यात पॉवर साधारण 30 टक्के असती, म्हणजे मशीन थोडं चालतं, थोडं गप बसतं, अन् गप बसतं तवा कडेची गरमी आत सरकती. आमच्या सासूबाईंना वाटलं बिघडलं, चालू-बंद व्हायलंय म्हणून.

पिशवी, थर्माकोलचा ट्रे, फॉईल सगळं काढायचं, काचेच्या भांड्यात ठेवायचं, दर दोन-तीन मिनिटांनी उलटायचं अन् जे तुकडे सुटले ते बाजूला काढायचे, नाहीतर तेच शिजत बसतात.

अन् एक गोष्ट मी लई जणींना सांगती, पटत नाही कुणाला. डिफ्रॉस्ट झालं की थेट फोडणीत! मसाला लावून संध्याकाळपर्यंत ठेवू असलं चालत नाही, कारण काही कोपरे आधीच कोमट झालेले असतात, अन् 5 ते 60 डिग्रीच्या मधी जंतू भराभर वाढतात. उरलेलं कच्चं परत फ्रीजरमधी पण नको, शिजवून ठेवलं तर चालतं. निवांत वेळ असंल तर आदल्या रात्रीच खालच्या फ्रीजमधी काढून ठेवा, त्याच्यासारखं सुख नाही.

मधीच लाईट गेली तर? आपल्याकडं जातीच. वाट बघू नका, गॅस पेटवा अन् तसंच पातेल्यात टाका, दीडपट वेळ लागंल, पण आतपर्यंत नीट शिजू द्या.

अन् हां, जानेवारीत ठेवलेल्या हुरड्याला यातलं काहीच लागत नाही, फ्रीजरमधून काढायचा अन् सरळ तव्यावर, लसणाची चटणी तेवढी ताजी कुटा.