पगारपत्रकावरचा रिकामा रकाना

श्रोतेहो, करचुकवेगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कंपनीचा नफा येतो. आज मात्र मला कामगाराच्या पगारपत्रकावरील एका रकान्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेत पगारातून सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात, आणि तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते. वर्षाला ८०,००० डॉलर मिळवणाऱ्या ट्रकचालकामागे दोघांचे मिळून १२,२४० डॉलर होतात. अमेरिकी नागरिक परदेशात अमेरिकी कंपनीसाठी राबत असला तरी हा भरणा चुकत नाही. परंतु मालक म्हणून परदेशी कंपनीची नोंद असेल, तर तिच्यावर तशी सक्ती नव्हती.

इराक युद्धातील मोठी कंत्राटदार असलेली अमेरिकी कंपनी केबीआर हिने नेमका हाच मार्ग धरला. मार्च २००८ मध्ये 'बोस्टन ग्लोब' या अमेरिकी दैनिकाने दाखवून दिले की, इराकमधील तिचे २१,००० हून अधिक कामगार कॅरिबियनमधील केमन या करमुक्त बेटांवरील दोन उपकंपन्यांच्या नावावर होते, त्यांत सुमारे १०,५०० अमेरिकी होते, आणि त्या उपकंपन्यांना तिथे ना कचेरी होती ना टेलिफोन. याच वृत्तानुसार संरक्षण खात्याला ही व्यवस्था निदान २००४ पासून ठाऊक होती. कंपनीचे म्हणणे असे की, यामुळे लष्कराचाच खर्च वाचतो. मला हा युक्तिवाद मुळीच पटत नाही, कारण लष्कराच्या हिशेबात जी बचत दिसली, ती त्याच सरकारच्या निवृत्तिवेतन निधीत तूट म्हणून उरली.

कामगाराच्या हाती दरमहा थोडी जास्त रक्कम पडत असे, हे खरे. पण सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते, आणि तेवढी वर्षे भरली नाहीत तर उरलेल्या जागी शून्य धरले जाते. इराकच्या उन्हात, बॉम्बच्या भीतीत काढलेली वर्षे या हिशेबात कोरीच राहिली. मायदेशी परतल्यावर काम नसेल तर बेकारी भत्त्याचा आधारही मिळेना, कारण कागदोपत्री मालक केमनचा. इतकेच नव्हे, तर विषारी रसायनाच्या संपर्कात आलेल्या कामगारांनी दावा लावला, तेव्हा मालकाला मिळणारे कायद्याचे संरक्षण मिळवण्यासाठी हीच केबीआर त्यांना आपले कामगार म्हणू लागली, असे त्याच वृत्तपत्राने नोंदवले आहे. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत अधिक खटकते ती ही गोष्ट.

तेव्हाचे सिनेटर जॉन केरी, बराक ओबामा आदींनी यावर विधेयक आणले आणि १७ जून २००८ रोजी अध्यक्ष बुश यांची सही झालेल्या, सैनिकांच्या करसवलतींसाठीच्या 'हार्ट' कायद्यात ती तरतूद आली: सरकारी कंत्राटावर काम करणारी अमेरिकी कंपनीची परदेशी उपकंपनी या करांपुरती अमेरिकी मालक मानली जाईल. ऑगस्ट २००८ पासूनच्या कामाला ती लागू झाली. बेकारी विम्याचा कर तिच्या कक्षेबाहेर राहिला, आणि त्याआधीची कोरी वर्षेही या कायद्याने भरून निघाली नाहीत.