पडद्याआधी खोली

घरी सिनेमा पाहण्याची सोय करायची ठरली की बहुतेक जण प्रोजेक्टरची माहिती आठवडेच्या आठवडे गोळा करतात आणि पडद्याचा निर्णय दुकानात उभ्या उभ्या उरकतात. प्रोजेक्टर काही वर्षांनी बदलला जातो. चांगला पडदा त्यानंतरही भिंतीवर राहतो. म्हणून आजचे व्याख्यान केवळ पडद्याविषयी आहे, आणि माझे म्हणणे असे की पडद्याची निवड खोली पाहून करावी. खोलीत उजेड किती आहे, तो कोणत्या दिशेने येतो, भिंतींचा रंग कोणता आहे आणि माणसे कोठे बसणार आहेत, हे ठाऊक नसताना पडद्याच्या किमतीची चौकशी करण्यातही अर्थ नाही.

सुरुवात काळ्या रंगापासून करू. प्रोजेक्टर फक्त प्रकाश टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना त्या खोलीतला पडदा जितका उजळ दिसतो, त्याहून गडद काळा चित्रात कधीच दिसणार नाही. हे आकड्यांत मांडून पाहू. १६:९ प्रमाणातील १०० इंची, म्हणजे कर्ण १०० इंच असलेला पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४.५ सेंटिमीटर उंच असतो; त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरते. जाहिरातीत कोणताही आकडा असो, रंग नीट जुळवल्यावर प्रोजेक्टरमधून प्रत्यक्षात १००० लुमेन (लुमेन हे एकूण प्रकाशाचे माप) मिळतात असे धरले, तर पडद्यावर सुमारे ३६० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ३६० लुमेन प्रकाश पडतो. आता हॉलमध्ये एखादा दिवा चालू असल्यामुळे त्याच पडद्यावर ५० लक्स उजेड येत असेल, तर चित्रातील पांढऱ्याला ४१० आणि काळ्याला ५० लक्स मिळतात, म्हणजे दोहोंचे प्रमाण जेमतेम ८:१ उरते. दिवा मालवून, खिडक्यांचे पडदे ओढून तो उजेड ५ लक्सवर आणला, तर हेच प्रमाण ७३:१ होते. १ लक्सवर आणला, तर ३६१:१. प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेले लाखांतले कॉन्ट्रास्टचे, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या प्रमाणाचे आकडे या साध्या गणितापुढे टिकत नाहीत. जाड ब्लॅकआउट पडद्यांवर आणि सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या फटी बुजवण्यावर केलेला खर्च मला म्हणूनच सर्वांत आधीचा वाटतो, विशेषतः ज्यांच्या खिडक्या पश्चिमेला आहेत किंवा ज्यांच्या बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा आहे त्यांच्यासाठी.

यानंतर ‘गेन’. मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पांढऱ्या ठोकळ्यासारखा पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना सारखा परतवतो. त्याच्या तुलनेत समोर बसणाऱ्याला पडदा किती उजळ दिसतो, त्या गुणोत्तराला गेन म्हणतात. साध्या मॅट व्हाइट पडद्याचा गेन १ च्या आसपास असतो. १.५ किंवा १.८ गेनचा पडदा प्रकाश निर्माण करत नाही. बाजूंना जाणारा प्रकाश तो मध्याकडे वळवतो. परिणामी समोर बसणाऱ्याला चित्र झळाळते दिसते, पण भिंतीलगतच्या दिवाणावर बसलेल्या आजी-आजोबांना तेच चित्र मंद दिसते, आणि मध्यभागी प्रकाशाचा ठिपका जाणवू लागतो. डिजिटल चित्रपटगृहांसाठी पांढऱ्याची ठरलेली पातळी दर चौरस मीटरला ४८ कँडेला (डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणाचे माप) आहे. वरच्या उदाहरणातील पडदा गेन १ असताना जवळजवळ ११५ कँडेला देतो. अंधाऱ्या खोलीत १०० इंची पडद्यासाठी अधिक गेनचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

करड्या पडद्यांबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. दिव्याच्या उजेडात साधा मॅट ग्रे पडदा काळ्याला जितका गडद करतो, तितकाच पांढऱ्यालाही करतो, त्यामुळे आपण काढलेले ८:१ हे प्रमाण तसेच राहते. त्याचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो. मुंबईतल्या बहुतेक घरांत भिंती आणि छत पांढरे किंवा फिकट असते आणि पडदा त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो. पडद्यावरून परतलेला प्रकाश छतावर जातो आणि तेथून पुन्हा पडद्यावर येऊन अंधाऱ्या दृश्यांचा रंग पुसट करतो. या फेऱ्यात प्रकाशाला पडद्यावरून दोनदा परतावे लागते, मूळ चित्राला एकदाच, म्हणून ०.६ किंवा ०.८ गेनचा करडा पडदा हा दुय्यम प्रकाश चित्रापेक्षा अधिक प्रमाणात कमी करतो. पडद्याजवळचा तीन-चार फुटांचा छताचा आणि बाजूच्या भिंतींचा पट्टा गडद मॅट रंगाने रंगवला, तर हाच लाभ पांढऱ्या पडद्यावरही मिळतो आणि उजळपणाही राखता येतो. घरातील मंडळी गडद छताला तयार होत असतील, तर मी हाच मार्ग आधी सुचवेन.

ज्यांना दिवे लावूनच क्रिकेटचा सामना पाहायचा आहे, त्यांच्यासाठी खोलीतील उजेड नाकारणारे, म्हणजे एएलआर पडदे आहेत. त्यांची करामत दिशेवर चालते. गिरगावातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना तिरक्या पट्ट्यांच्या झडपा असतात, त्यांतून खालचा रस्ता दिसतो पण वरचे ऊन आत येत नाही. अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे पडद्याच्या अगदी जवळून चित्र टाकणाऱ्या प्रोजेक्टरसाठीच्या पडद्यावर तशाच अतिसूक्ष्म आडव्या दातेरी रेषा असतात. रेषेची खालची बाजू भिंतीलगत ठेवलेल्या प्रोजेक्टरचा वर येणारा प्रकाश प्रेक्षकांकडे वळवते आणि काळी वरची बाजू छतावरच्या दिव्याचा प्रकाश शोषून घेते. हा पडदा छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसमोर लावला, तर तो आपल्याच प्रोजेक्टरचा प्रकाश गिळतो आणि चित्र काळवंडते. टांगलेल्या प्रोजेक्टरसाठीचे एएलआर पडदे निराळ्या रचनेचे असतात. शिवाय समोरच्या खिडकीतून, म्हणजे प्रेक्षकांच्या पाठीमागून येणारा उजेड असा पडदा फारसा रोखू शकत नाही, कारण तो प्रोजेक्टरच्याच दिशेने येतो. खरेदीपूर्वी दिव्यांची आणि खिडक्यांची जागा कागदावर काढून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

आकाराच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. १०० इंची पडदा ३ मीटरवरून पाहिला तर तो डोळ्यांसमोर सुमारे ४० अंशांचा कोन व्यापतो, ४.१ मीटरवरून ३० अंशांचा. सिनेमासाठी या दोहोंमधले अंतर सुखावह असते. दहा बाय सोळा फुटांच्या हॉलमध्ये पडदा दहा फुटी भिंतीवर लावला, तर हे अंतर सहज मिळते आणि दोन्ही बाजूंना स्पीकरसाठी चाळीसेक सेंटिमीटर उरतात. तोच पडदा सोळा फुटी भिंतीवर लावला, तर सोफ्याची जाडी वजा जाता अडीच मीटरच उरतात, आणि तेथे ८० ते ८५ इंचच योग्य. आपले बहुतेक मोठे चित्रपट २.३९:१ या स्कोप प्रमाणात असतात. १६:९ च्या १०० इंची पडद्यावर त्यांच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे १६ सेंटिमीटरच्या पट्ट्या रिकाम्या राहतात आणि त्या करड्या दिसतात. काळ्या मखमलीच्या दोन काढघाल पट्ट्यांनी त्या झाकल्या, तर चित्र किती उठून दिसते हे स्वतः पाहावे.

सूक्ष्म छिद्रांचा, ध्वनी आरपार जाऊ देणारा पडदा लावून स्पीकर त्याच्यामागे ठेवण्याची कल्पना उत्तम आहे, पण त्यासाठी मागे लागणारी खोल जागा आपल्या घरांत क्वचितच असते. मधला स्पीकर पडद्याखाली ठेवावा.

जागा वाचवण्यासाठी गुंडाळून वर जाणारा पडदा बहुतेकांना हवा असतो. येथे छताचा पंखा विचारात घ्यावा लागतो. साधा टांगता पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलतो आणि काही काळाने त्याच्या कडा आत वळतात, मधे लाटा पडतात. अल्ट्रा शॉर्ट थ्रोचा प्रकाश पडद्याला जवळजवळ घासून जात असल्यामुळे त्या लाटा चित्रात कितीतरी मोठ्या दिसतात. त्याला ताठ चौकटीचाच पडदा हवा. गुंडाळणे अपरिहार्य असेल, तर दोन्ही कडांना दोऱ्यांनी ताण दिलेला, म्हणजे टॅब-टेन्शनचा पडदा घ्यावा, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी त्याच्या पेटीचे धातूचे भाग गंजरोधक आहेत का ते विचारावे, आणि फॉल्स सीलिंगमध्ये तो लपवायचा असल्यास मोटरपर्यंत हात पोहोचेल एवढी झडप पीओपीच्या कामातच ठेवून घ्यावी. अशा पडद्याची पेटी अखंड असते आणि चित्राहून लांब असते. १०० इंचांसाठी ती अडीच मीटरच्या आसपास भरते. ती इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेल का, नाहीतर जिन्याच्या वळणावरून फिरेल का, हे मोजूनच मागणी नोंदवावी. चौकटीचा पडदा सुट्या भागांत येतो, त्याला ही अडचण नसते. मात्र भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असेल, तर तिच्यासाठीचेच फास्टनर वापरावेत.

शेवटचा निर्णय नमुन्यांवर करावा. विक्रेत्याकडून दोन-तीन प्रकारच्या कापडांचे हातभर तुकडे मागून घ्यावेत, ते आपल्याच भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत आणि नेहमीच्या वेळी, नेहमीच्या दिव्यांत, आपल्याच प्रोजेक्टरने त्यांवर चेहऱ्यांची आणि रात्रीची दृश्ये पाहावीत. ४के, म्हणजे रुंदीत ३८४० बिंदू असलेल्या चित्राचा एक बिंदू १०० इंची पडद्यावर अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच मोठा असतो, म्हणून कापडाची वीण किंवा एएलआर थराची चमचम जवळून आणि बसण्याच्या जागेवरूनही तपासावी. मग सोफ्याच्या अगदी कडेला बसून तेच तुकडे पुन्हा पाहावेत, कारण त्या जागेवरही घरातले कोणीतरी रोज बसणार आहे.