रानकोंबड्याचं पीस आणि स्कॉटलंडचा मासा

नमस्कार श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या नद्यांमध्ये सॅमन मासा धरायला शे-दीडशे वर्षांपूर्वी पिसांची जी बनावट माशी वापरत, तिच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा एक ठरावीक पीस बांधलेलं असे. काळपट रंगाचं, बोटाच्या पेराएवढं, आणि त्यावर कडक, चकचकीत, पिवळसर ठिपका. हे पीस जायचं हिंदुस्थानातून. ज्या पक्ष्याच्या मानेवरून ते काढलेलं असे, तो आजही कोयनेच्या, चांदोलीच्या, राधानगरीच्या रानात पहाटे ओरडताना ऐकू येतो. राखी रानकोंबडा. आज या पिसाबद्दल बोलणार आहे, आणि ते ज्या नादापायी सातासमुद्रापार गेलं, त्या फ्लाय फिशिंगबद्दलही.

आपल्याकडे गळ टाकतात तेव्हा दोरीला शिसं बांधलेलं असतं. शिशाच्या वजनानं दोरी लांब जाते, आमिष तिच्यामागून जातं. फ्लाय फिशिंगमध्ये शिसं नाही, गांडूळ नाही, कोळंबी नाही. गळाच्या आकड्यावर पिसं, केस आणि रेशीम गुंडाळून केलेला एक खोटा कीटक असतो, त्याला म्हणायचं फ्लाय. वजन म्हणाल तर नाहीच. हातानं फेकला तर पायाशी पडेल. म्हणून इथे दोरीच जड करतात. पूर्वी ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची विणत, मग तेल पाजलेल्या रेशमाची आली, आता प्लॅस्टिकचा थर दिलेली असते. छडी मागे झटकायची, दोरी हवेत पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, आणि मग पुढे. नवशिक्याचं सगळं बिघडतं ते त्या थांबण्यात. घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि टोकाची माशी तुटून झुडपात जाते.

स्पे ही स्कॉटलंडमधली नदी. तिच्या काठावर झाडं आणि उंच दरडी, त्यामुळे दोरी मागे न्यायला जागाच नाही. तिथल्या लोकांनी दोन्ही हातांनी धरायची लांबलचक छडी घेऊन वेगळीच फेक बसवली. दोरी मागे पूर्ण लांब जातच नाही. ती शेजारच्या पाण्यावर टेकवायची, पाण्याची पकड घेऊ द्यायची, आणि तिथून वळसा देऊन पलीकडच्या काठाकडे सोडायची. आज जगभर या फेकीला स्पे कास्ट म्हणतात. जमलेली असली तर बघत राहावी अशी गोष्ट आहे, मासा लागो न लागो.

आता सॅमनकडे येऊ. आपल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला इंडियन सॅमन लिहितात, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. अटलांटिक सॅमन जन्मतो नदीत, मोठा होतो समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत चढतो. गंमत अशी की नदीत शिरल्यावर तो खाणं सोडतो. अंगातल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतो. म्हणजे ज्याला भूकच नाही अशा माशाला खाण्याचं सोंग दाखवून फसवायचं, असा हा सगळा उलटा कारभार. तरीही तो कधीकधी माशीवर तोंड टाकतो. का टाकतो? कुणी म्हणतं, समुद्रातल्या खाण्याची सवय. कुणी म्हणतं, आपल्या जागेत घुसलेल्या परक्यावरचा राग. पक्कं उत्तर कुणाकडेच नाही.

उत्तर नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? कल्पना लढवणार. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश शौकिनांनी त्या इतक्या लढवल्या की विचारता सोय नाही. साम्राज्य जगभर पसरलेलं, लंडन आणि लिव्हरपूलच्या गोदीत जहाजं पिसांचे गठ्ठे उतरवत होती. बायकांच्या टोप्यांसाठी तो व्यापार चालायचा आणि त्यातली निवडक पिसं गळ टाकणाऱ्यांच्या टेबलावर पोचायची. जॉक स्कॉट नावाची माशी घ्या. त्या शतकाच्या मध्यावर ट्वीड नदीच्या परिसरातल्या एका नोकरानं ती बांधली आणि त्याचंच नाव तिला पडलं. एका आकड्यावर किती पक्षी असावेत? शेपटीला चीनचा सोनेरी फेझंट, कंबरेला शहामृग, पोटावर दक्षिण अमेरिकेतला टूकान, पंखात मोर, टर्की, बदक आणि माळढोकाच्या जातकुळीतला एक पक्षी, गालावर निळा कोटिंगा. आणि या सगळ्यांबरोबर बाजूला आपला रानकोंबडा.

१८९५ साली जॉर्ज केल्सन या गृहस्थानं या माश्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. कुठल्या पाण्यात, कुठल्या उजेडात कुठलं पीस चालेल, याची शास्त्रीय वाटावी अशी मांडणी त्यात होती. शास्त्र फारसं नव्हतंच, पण लोकांनी ते प्रमाण मानलं. माझं मत विचाराल तर त्या रंगांचा माशाशी संबंध थोडका आणि माणसाशी फार. दुकानात काचेखाली मांडलेली माशी घ्यावीशी वाटते ती गिऱ्हाइकाला.

आता त्या रानकोंबड्याकडे जरा जवळून बघू. नराचं अंग राखाडी, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा, शेपूट काळीभोर आणि कमानदार. मानेवरची पिसं लांबट आणि काळी. त्या पिसाची दांडी काही ठिकाणी चपटी होते, आणि तिथले तंतू एकमेकांना चिकटून पातळ, गुळगुळीत पापुद्रा तयार होतो. हाच तो ठिपका. नखानं हलकेच टोकरला तर टक्‌ असा आवाज यावा, इतका कडक. ओला झाला तरी रंग सोडत नाही. बनावट माशीला तो डोळ्यासारखा शोभतो आणि गढूळ पाण्यातही चमकतो, म्हणून त्याला मागणी. विणीचा हंगाम सरला की नराची ही मान झडते आणि तिथे आखूड, काळपट पिसं येतात. ऐन पावसात तुम्हाला हा पक्षी दिसला तर ओळखूच येणार नाही इतका साधा असतो.

जाता जाता एक सांगतो. आपल्या गावठी कोंबड्यांचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे सह्याद्रीतला हा लाजाळू पक्षी जगभरच्या खुराड्यांत थोडाथोडा आहेच.

या पिसांसाठी किती पक्षी मारले गेले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पक्षी मारून त्याची मान कातडीसकट सोलत आणि ती तशीच वाळवून विलायतेला धाडत. इंग्लंडमध्ये १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी पिसांच्या फॅशनविरुद्ध बायकांची संघटना सुरू केली, तीच पुढे पक्ष्यांचं रक्षण करणारी मोठी संस्था झाली. हिंदुस्थान सरकारनं १९०२ साली रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ब्रिटननं १९२१ साली आयातीवर कायदा केला. चोरटा व्यापार तरीही चालू राहिला. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. आज परदेशातल्या दुकानांत या कोंबड्याची मान विकायला असते, ती तिथेच पैदास केलेल्या पाळीव पक्ष्यांची. किंमत ऐकून गप्प बसावं अशी. ज्यांना परवडत नाही ते प्लॅस्टिकचा ठिपका चिकटवतात, आणि माशाच्या त्याबद्दल तक्रारी नाहीत.

माशी बांधणं ही स्वतंत्र कला आहे, आणि तिच्यात एक नाव मला फार आवडतं. मेगन बॉइड. जन्म १९१५, मृत्यू २००१. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा गावाजवळ, विजेची जोडणी नसलेल्या एका घरात ही बाई राहायची आणि खिडकीपाशी बसून, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात माश्या बांधायची. लहानपणी तिथल्या एका राखणदारानं तिला शिकवलं. त्याची पद्धत अशी, की तयार माशी द्यायची, तिचा वेढान्‌वेढा सोडवायला लावायचा, आणि तेच सामान वापरून तीच माशी आधीपेक्षा लहान आकड्यावर पुन्हा बांधून घ्यायची.

हे काम कसं चालतं पाहा. टेबलाच्या कडेला छोटा शेगडा, म्हणजे घट्ट धरून ठेवणारी पकड, तिच्या जबड्यात आकडा आवळलेला. मेण लावलेला रेशमी दोरा आकड्याच्या दांड्यावर वेढ्याला वेढा खेटून गुंडाळत जायचा. त्यावर चंदेरी पट्टी. मग पंख. वेगवेगळ्या पिसांचे दोन-दोन, तीन-तीन तंतू काढून ते बोटांत असे एकमेकांना लावायचे की त्यांची सूक्ष्म आकडी जुळतात आणि एकच अखंड पट्टी बनते. डावा पंख डाव्या बाजूच्या पिसांतून, उजवा उजव्या. उलटसुलट झालं तर पंख वळतो. शेवटी रानकोंबड्याची दोन पिसं दोन बाजूंना, अगदी समोरासमोर. एक केसभर खाली गेलं तर सगळं सोडा आणि पुन्हा बांधा.

मेगनबाईंकडे गिऱ्हाइकांची रांग असायची, त्यात त्या वेळचे युवराज चार्ल्सही होते. १९७१ साली ब्रिटिश सरकारनं त्यांना पदक जाहीर केलं. लंडनला राणीच्या हस्ते घ्यायला त्या गेल्याच नाहीत, कारण कुत्र्याकडे बघायला कुणी नव्हतं. पुढे चार्ल्सनीच स्कॉटलंडमध्ये ते त्यांच्या हाती दिलं. आणि एवढ्या माश्या बांधून या बाईंनी स्वतः कधी मासे धरले नाहीत. जीव घेणं त्यांना मानवत नव्हतं.

या नादाची दुसरी टोकाची गोष्टही ऐका. लंडनपासून जवळ ट्रिंग नावाचं गाव आहे. तिथे ब्रिटनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षिसंग्रह आहे. जून २००९मध्ये एका रात्री, लंडनला बासरी शिकणारा विशीतला एक अमेरिकी विद्यार्थी खिडकी फोडून आत शिरला आणि सुटकेस भरून पक्ष्यांच्या २९९ कातड्या घेऊन गेला. नंदनवनपक्षी, क्वेट्झाल, कोटिंगा. त्यांतल्या काही आल्फ्रेड रसेल वॉलेसनं १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात गोळा केलेल्या. वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीनं नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा माणूस. चोर पोरगा उत्तम माशी बांधणारा होता. काही पिसं स्वतःला आणि बाकीची सुटी करून याच नादातल्या लोकांना विकायची, असा हिशोब. कितीतरी दिवस संग्रहालयाला चोरीचा पत्ताच नव्हता. पुढे माशीवाल्यांतल्याच एकाला संशय आला आणि नोव्हेंबर २०१०मध्ये पोलीस त्याच्या दारात उभे राहिले.

त्याच्याकडे १७४ कातड्या शाबूत सापडल्या, पण पायाला बांधलेली चिठ्ठी फक्त १०२ जणींना होती. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या त्यानं कापून टाकल्या होत्या. तुम्ही म्हणाल, चिठ्ठीचं काय एवढं? पक्षी कुठे मिळाला, कुठल्या तारखेला मिळाला, ते त्या चिठ्ठीवर असतं. ते गेलं की अभ्यासकाच्या दृष्टीनं ती कातडी मुकी झाली. डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाण्याच्या अंड्यांचं कवच पातळ होतंय हे १९६०च्या दशकात सिद्ध झालं, ते जुन्या संग्रहातल्या तारीखवार अंड्यांशी ताडून पाहिलं म्हणूनच. २०११मध्ये कोर्टानं त्या तरुणाला बारा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. तुरुंगात तो गेला नाही. मला ते पटलेलं नाही, पण ज्यांनी न विचारता ती पिसं विकत घेतली, त्यांच्याबद्दल तर काय बोलावं!

आणि यातल्या कुठल्याही पिसाची मासे धरायला गरज नव्हती. माझा एक मित्र तेलकंपनीच्या नोकरीपायी ॲबर्डीनला होता. सहकाऱ्यानं त्याला डी नदीवर नेलं. तिथे प्रत्येक पट्ट्यावर घिली असतो, म्हणजे नदीचा राखणदार आणि वाटाड्या. मित्रानं हौसेनं रंगीबेरंगी माश्यांची डबी घेतली होती. घिलीनं ती उघडून पाहिली, छान आहेत म्हणाला, झाकण लावून परत दिली, आणि स्वतःच्या टोपीत खोचलेली माशी काढली. काळ्या केसांचा एक झुपका, चंदेरी तारेचे चार वेढे. बस्स. तिथले जाणते लोक आता बहुतेक असल्याच केसाळ माश्या वापरतात. मित्राला दिवसभरात मासा लागला नाही, ते सोडा.

मासाच आता कमी झालाय. डिसेंबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघानं अटलांटिक सॅमनला चिंता नसलेल्या गटातून काढून संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात टाकलं. ब्रिटनमधला सॅमन तर धोक्यात आलेल्यांत आहे. कारणं बरीच. समुद्र तापतोय, नद्यांवर बांध, पाणी दूषित, शिवाय पिंजऱ्यात पाळलेल्या सॅमनच्या उवा रानटी माशांना लागतात. स्कॉटलंडमध्ये आज गळाला लागलेले बहुसंख्य मासे पाण्यातच आकडा सोडवून परत सोडले जातात. ली वुल्फ या अमेरिकी शौकिनानं १९३०च्या दशकातच म्हटलं होतं की चांगला मासा इतका मोलाचा असतो की तो एकदाच पकडून संपवू नये. तेव्हा लोक हसले. आकड्याचा काटा पक्कडीनं दाबून बोथट करणं, मासा पाण्याबाहेर न काढता सोडणं, पाणी तापलं की त्या दिवशी गळच न टाकणं, हे आता शिष्टाचारात धरतात.

राखी रानकोंबडा पाहायचा असेल तर फेब्रुवारी ते मे या काळात उजाडताना जंगलाच्या कडेला थांबा. त्याची बांग गावठी कोंबड्यासारखी लांब नसते, तुटक असते, मध्येच थांबते. बांग ऐकू येईल, तो दिसेलच असं नाही. वाटेवर त्याचं ठिपक्याचं पीस पडलेलं दिसलं तर फोटो काढा आणि पीस तिथेच राहू द्या. रानपक्ष्याचं पीस बाळगणंही कायद्याच्या कक्षेत येतं, आणि वनखात्याच्या नाक्यावर पिशवी तपासली तर ‘साहेब, सापडलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

नमस्कार.